घरांतील उष्णता जाते कोठें?

जूनच्या अखेरीस शाळा उघडून तीनचार दिवस झाले होते. पावसाची एकच सर येऊन गेली होती. आभाळ भरलेलें, वारा पडलेला, आणि वर्गांत मुलांचीं अंगें घामानें चिकट झालेलीं. अशा वेळीं आठवीच्या एका विद्यार्थ्यानें उभें राहून आम्हांस विचारलें, “सर, मे महिन्यात आमचा कूलर मस्त गार हवा फेकत होता. आता काहून फेकत नाही? मोटर तर चालू आहे. बाबा म्हणतात, आता एसीच घ्या लागते.” मुलें हंसलीं. पण प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. त्यांत पदार्थविज्ञानाचा एक चांगला धडा होता, आणि एका कुटुंबाच्या वर्षभराच्या बचतीचाही प्रश्न होता. तास संपेपर्यंत आम्ही त्यांतील अर्ध्याचेंच उत्तर देऊं शकलों. उरलेलें येथें लिहीत आहों. मुलांनीं तें वाचावें, आणि जमल्यास घरीं आईवडिलांस वाचून दाखवावें.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. गारवा म्हणून कोणी निराळा पदार्थ जगांत नाहीं. उष्णता अधिक आहे किंवा उणी आहे, एवढेंच. खोली गार झाली याचा अर्थ तिच्यांतील उष्णता कोणीतरी उचलून दुसरीकडे नेली. म्हणून गारवा देणारें कोणतेंही साधन पाहिलें कीं दोन प्रश्न विचारावे. उष्णता वाहून नेणारा हमाल कोण? आणि त्यानें ती नेऊन टाकली कोठें?

आपलें जळगांव जामोद सातपुड्याच्या पायथ्याशीं, पूर्णेच्या खोऱ्यांत वसलें आहे. समुद्र शेंकडों मैल दूर. अक्षय्य तृतीयेस शेजारीं भेंडवळला घटमांडणी होते, आणि तेव्हांपासून शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागतात तें थेट मृगाच्या सरीपर्यंत. या मधल्या दिवसांत पारा ४३–४४ अंशांवर जातो, कधीं त्याच्याही वर. दुपारीं बारापासून चारपर्यंत रस्त्यावर कुत्रेंदेखील दिसत नाहीं. पण हें ऊन कोरडें असतें, आणि हा कोरडेपणा हेंच आपल्या गारव्याचें भांडवल आहे. तें कसें, हें घरच्या माठावरून समजतें.

माठाचा हमाल पाणी आहे. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर पाझरतें व उन्हाळी वाऱ्यानें त्याची वाफ होऊन जाते. वाफ होण्यास पुष्कळ उष्णता लागते. एक लिटर पाणी शून्य अंशापासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास जितकी उष्णता लागते, तिच्या पांचपटीहून अधिक उष्णता तेवढ्याच पाण्याची वाफ होतांना खर्च होते. ही उष्णता येते कोठून? माठांत उरलेल्या पाण्यांतून. म्हणून तें गार होतें. कूलर म्हणजे पंखा लावलेला माठच होय. त्याच्या तिन्ही बाजूंच्या ताट्यांवर पंप पाणी सोडतो, पंखा बाहेरची तापलेली हवा त्या ओल्या ताट्यांतून ओढतो, पाण्याची वाफ होते, आणि हवा आपली उष्णता तेथें ठेवून आंत येते.

पण वाफेला हवेंत जागा लागते. कोरड्या हवेंत ती जागा मुबलक असते. दमट हवेंत आधींच भरलेली असते. ही जागा मोजण्याचें एक सोपें साधन आहे. तापमापकाच्या फुग्याभोंवतीं ओलें फडकें गुंडाळून त्यावर वारा घालावा. पारा उतरूं लागतो व एका ठिकाणीं थांबतो. तो जेथें थांबतो, त्याच्या खालीं असा साधा कूलर हवा नेऊं शकत नाहीं. मे महिन्यांतील दुपारीं हवेचें तापमान ४३ अंश व आर्द्रता १५ टक्के असेल, तर हा ओला पारा २३ अंशांच्या आसपास थांबतो. म्हणजे कूलरला वीस अंशांचें मैदान मोकळें आहे. साधा कूलर तें सगळें पार करीत नाहीं, तरी २८–३० अंशांची हवा आंत आणून देतो. आणि ४३ अंशांतून आलेल्या माणसाला ती स्वर्गासारखी वाटते. आतां जूनच्या अखेरीची हवा घ्या. तापमान ३३ अंश, आर्द्रता ७५ टक्के. ओला पारा २९ अंशांवरच थांबतो. मैदान उरलें चार अंशांचें! त्या मुलाचा कूलर बिघडला नव्हता. हवा बदलली होती. मुंबईचे पाहुणे आपल्याकडील घरोघरचे कूलर पाहून नवल करितात, त्याचेंही कारण हेंच.

आपलें शरीरही असाच एक माठ आहे, आणि घाम हें त्याचें पाझरणारें पाणी. दमट हवेंत घाम येतो पण वाळत नाहीं, म्हणून ३३ अंशांचा पावसाळी उकाडा ४० अंशांच्या कोरड्या उन्हापेक्षांही जिवाला अधिक जाचतो.

पाण्यानें हवा गार करण्याची ही युक्ति फार जुनी आहे. अकबराच्या दरबारीं वाळ्याच्या मुळ्यांचीं लहान घरें करून त्यांवर पाणी शिंपडीत, असें अबुल फझलनें ऐन-इ-अकबरींत नमूद केलें आहे. पुढें इंग्रजी अमदानींत साहेबांच्या बंगल्यांत दारांना वाळ्याच्या ताट्या लागल्या, आणि एकोणिसाव्या शतकांत थर्मँटिडोट नांवाचें एक लांकडी खोकें निघालें. त्याच्या बाजूंना ओल्या ताट्या व पोटांत पंखा असे; बाहेर उभा राहून एक माणूस त्याचा दांडा फिरवी, आणि आंत साहेबास गार हवा मिळे. आजचा कूलर याच खोक्याचा नातू. त्या माणसाच्या जागीं विजेची मोटर आली एवढाच फरक. पण तो केवढा मोठा! दांडा फिरविणारा उष्णतेंत उभा राहत होता म्हणूनच दुसऱ्यास गारवा मिळत होता. पवित्र शास्त्रांत शास्ते या पुस्तकांत मवाबाचा राजा एग्लोन याची गोष्ट आहे. एहूद त्याच्याकडे गेला तेव्हां तो आपल्या एकट्याच्या हवेशीर माडींत बसला होता. गारवा हा तेव्हांपासून एकट्याचाच असावयाचा. तो गरिबाच्या घरांत पोंचविला तो प्रथम कूलरनें, आणि म्हणून या ओबडधोबड पत्र्याच्या पेटीविषयीं आम्हांस आदर वाटतो.

आदर असला तरी दोष सांगितलेच पाहिजेत. पहिला दोष पाण्याचा. भर उन्हाळ्यांत घरगुती कूलर तासाला पांच ते दहा लिटर पाणी पितो. दिवसरात्र चालला तर दहा घागरींहून अधिक. ज्या घरीं नळ कांहीं दिवसांआड येतो, तेथें ही गोष्ट लहान नाहीं. दुसरी अडचण खास आपल्या मुलुखाची. तालुक्याचा दक्षिणेकडील भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यांत येतो. कूलरमध्यें पाणी तेवढें उडून जातें. क्षार मागें राहतात. टांकीत पुनःपुन्हां तेंच पाणी भरत गेल्यानें तें अधिकाधिक खारें होतें, ताट्यांवर पांढरें कीट चढतें, आणि दोन महिन्यांत त्या लांकडासारख्या कडक होऊन वारा अडवूं लागतात. मग लोक म्हणतात, कूलर जुना झाला. यावर उपाय एकच: चारपांच दिवसांनीं टांकी पूर्ण रिकामी करून, घासून, नवें पाणी भरावें. यांत दुसरा लाभही आहे. डेंग्यूचा डांस अशाच सांठलेल्या पाण्यांत अंडीं घालतो, आणि अंड्यापासून डांस होण्यास आठवडाभर लागतो; चार दिवसांनीं टांकी कोरडी केली तर तो जन्मासच येत नाहीं.

तिसरी गोष्ट सांगतांना आमचा स्वर थोडा कठोर होईल, त्याला इलाज नाहीं. पत्र्याच्या कूलरमध्यें वीज उतरून माणसें दगावतात, आणि अशी बातमी वऱ्हाडांत जवळ जवळ प्रत्येक उन्हाळ्यांत वाचावी लागते. ओले हात, ओली जमीन, पत्र्याची पेटी आणि तुटकी वायर, इतकें मृत्यूला पुरेसें आहे. कूलरमध्यें पाणी घालण्यापूर्वीं नुसतें बटन बंद करूं नये, पिन काढून ठेवावी. तीन पायांची पिन व खरें अर्थिंग नसेल तर तें आधीं करून घ्यावें. आणि लहान मुलांना हें काम सांगूं नये.

आतां एसीकडे वळूं. त्याचा हमाल पाणी नसून एक विशेष द्रव आहे. तो शून्याच्या पुष्कळ खालच्या तापमानावरही उकळतो. खोलींतील नळ्यांमधून जातांना तो खोलीच्याच उष्णतेनें उकळून वायु होतो. म्हणजे खोलींतील उष्णता उचलतो. बाहेरच्या पेटींतील कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो, दाबानें तो फार तापतो, आणि बाहेरच्या हवेंत ती उष्णता सोडून देऊन पुन्हां द्रव होतो. मग परत आंत. हें चक्र अखंड चालतें. थंड नळ्यांवर हवेंतील बाष्पही दंवासारखें जमतें व नळीनें बाहेर ठिबकतें. खोली गार होते तशी कोरडीही होते. म्हणून एसीला पावसाळ्याचें भय नाहीं. त्या मुलाचे वडील चुकीचें बोलले नव्हते.

दीड टनाचा एसी म्हणजे दीड टन वजनाचा, असें आमच्या वर्गांत पुष्कळांस वाटत होतें. हा टन बर्फाचा आहे. यंत्रानें थंडी करण्यापूर्वीं लोक बर्फ विकत घेत. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्युडर या व्यापाऱ्यानें गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून जहाजानें १८३३ सालीं थेट कलकत्त्यास पाठविला होता. चार महिन्यांच्या प्रवासांत बराच वितळला, उरला तो हातोहात खपला! पुढें यंत्रें आलीं तेव्हां त्यांचें सामर्थ्य सांगावयाचें कसें? एक अमेरिकन टन बर्फ चोवीस तासांत वितळतांना जितकी उष्णता घेतो, तितकी घेणारें यंत्र एक टनाचें, असें ठरलें. बर्फाचा व्यापार बुडाला, माप मात्र राहिलें.

या यंत्राच्या इतिहासांत आम्हांस दोन माणसें लक्षांत ठेवण्यासारखीं वाटतात. पहिला फ्लॉरिडांतील डॉक्टर जॉन गॉरी. तापाचे रोगी उकाड्यानें तळमळतात हें पाहून त्यानें बर्फ करणारें यंत्र तयार केलें व १८५१ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. लोकांनीं त्याची थट्टा केली, भांडवल मिळालें नाहीं, आणि १८५५ सालीं तो निराशेंत वारला. दुसरा विलिस कॅरियर. यानें १९०२ सालीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतील एका छापखान्यासाठीं हवा आंवरणारें यंत्र आंखलें. दमट हवेनें कागद फुगे व रंग जागच्या जागीं बसेनात, म्हणून. रोग्यांसाठीं झटलेला मनुष्य अपयशी ठरला, आणि कागदासाठीं केलेलें यंत्र जगभर गेलें. आपल्या प्रांतांत मुंबईचें रीगल हें चित्रपटगृह १९३३ सालीं उघडलें, तें वातानुकूलित होतें. म्हणजे आपल्याकडेही यंत्राचा गारवा आधीं करमणुकीस मिळाला. सिंगापूर विषुववृत्ताजवळचें, बारमाही दमट बेट. तेथील पंतप्रधान ली क्वान यू यांनीं सत्तेवर येतांच सरकारी कचेऱ्यांत एसी बसविले, कारण दुपारच्या उकाड्यांत काम होत नाहीं हें त्यांनीं जाणलें होतें.

आपल्या देशांत काय स्थिति आहे? भारत सरकारनें २०१९ सालीं शीतकरणाविषयीं जी योजना प्रसिद्ध केली, तींत शंभरांतील सुमारें आठच घरांत एसी असल्याचें म्हटलें होतें. जपान व अमेरिकेंत हाच आंकडा नव्वदीच्या घरांत आहे. पण चाल वेगाची आहे. २०२४ या एका वर्षांत देशांत एक कोटीहून अधिक एसी विकले गेले. पूर्वीं जिल्ह्याच्या ठिकाणीं जाऊन आणावी लागणारी ही वस्तु आतां तालुक्याच्या दुकानांतून हप्त्यानें मिळते.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही हिला निव्वळ चैन म्हणत असूं. वर्गांत तसें बोललोंही होतों. तें मत आम्ही सोडलें आहे. २०१० च्या मे महिन्यांत अहमदाबादेस जी उष्णतेची लाट आली, तींत नेहमींच्या मानानें तेराशेंहून अधिक माणसें जास्त दगावलीं असें पुढें अभ्यासकांनीं मोजलें, आणि २०१३ पासून त्या शहरानें उष्णतेशीं सामना करण्याची योजनाच आंखली. अशा लाटेंत मरतात ते बहुधा वृद्ध, आजारी, तान्हीं मुलें आणि उन्हांत राबणारे मजूर. दिवसाच्या तापापेक्षां रात्रही निवत नाहीं हें अधिक घातक. शरीराला विसांवाच मिळत नाहीं. ज्या घरीं म्हातारी आई अंथरुणाला खिळली आहे, त्या घरच्या मुलानें हप्त्यानें एसी घेतला तर त्याला चैनी म्हणणारे आम्ही कोण?

तरी दुसरा प्रश्न उरतोच: उष्णता गेली कोठें? कूलरनें ती वाफेच्या रूपानें वाऱ्यावर सोडली. एसीनें ती गल्लींत टाकली, आणि आपण खाल्लेल्या विजेची उष्णता तींत मिसळून टाकली. अरुंद बोळांत समोरासमोर चार एसी चालूं लागले तर त्यांच्यामधल्या टिनाच्या घरांत काय होत असेल, याचा विचार करावा. अमेरिकेंतील फीनिक्स या उष्ण शहराविषयींचा एक अभ्यास २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत एसींच्या उष्णतेनें कांहीं भागांत रात्रीचें तापमान एक अंशापर्यंत वाढतें असें दिसून आलें. शिवाय वीज कोठून येते? आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यांत पारस येथें कोळसा जाळून वीज करितात. अशा केंद्रांत कोळशाच्या उष्णतेचा सुमारें एकतृतीयांश भागच विजेंत उतरतो, बाकीची तेथेंच आकाशांत व पाण्यांत जाते. दीड टनाचा एसी भर उन्हांत तासाला सुमारें दीड युनिट वीज घेतो; घरगुती कूलर एका युनिटांत पांचसहा तास चालतो. राहिला यंत्रांतला वायु. जुन्या यंत्रांतील क्लोरोफ्लुरोकार्बन ओझोनचा थर झिजवीत, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानें ते हद्दपार झाले. त्यांच्या जागीं आलेले कित्येक वायु गळले तर सारख्या वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या शेंकडों पट हवा तापवितात; तेही क्रमाक्रमानें कमी करण्याचें २०१६ सालीं किगाली येथें ठरलें, आणि भारतानें २०२१ सालीं त्यास मान्यता दिली. गॅस भरावयास येणाऱ्या कारागिराला उरलेला वायु हवेंत सोडूं देऊं नये, एवढें तरी आपल्या हातीं आहे.

खरें पाहतां पैसा प्रथम छपरावर घालावा, यंत्रावर मागाहून. आपल्या वाडवडिलांचीं धाब्याचीं घरें आठवा. हात दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, सागाच्या कड्या, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. बाहेरची उष्णता आंत पोंचेपर्यंत संध्याकाळ होई, आणि तोंवर घरचीं माणसें अंथरुणें घेऊन धाब्यावर निजावयास गेलेलीं असत. धाबें दरवर्षीं सारवावें लागतें, गळतें, विंचूकाट्याचें भय असतें. म्हणून लोकांनीं टिनें घातलीं किंवा स्लॅब टाकला, त्यांत त्यांचा दोष नाहीं. परंतु टीन दुपारीं तव्यासारखें तापतें, आणि स्लॅब दिवसभर उष्णता सांठवून रात्रभर ती निजलेल्यांच्या अंगावर ओततो. अशा छपराखालीं एसी लावणें म्हणजे फुटक्या रांजणांत पाणी भरणें. मार्चमध्येंच स्लॅबवर चुन्याचे दोन दाट हात दिले तर छपराचा पृष्ठभाग पुष्कळ कमी तापतो. टिनाखालीं तुराट्यांचें तट्टें बांधून मध्यें वीतभर हवा मोकळी ठेवली तरी फरक तत्काळ कळतो. मात्र तट्टें चुलीपासून दूर असावें. पश्चिमेच्या खिडकीला आंतून पडदा लावण्यापेक्षां बाहेरून गोणपाट सोडणें केव्हांही चांगलें. आंत आलेलें ऊन पडद्यानें परत जात नाहीं.

इतकें करूनही एसी घ्यावाच लागला, तर एकच खोली घट्ट बंद होईल अशी करावी व घरांतील दुर्बळ माणसाची खाट तेथें न्यावी. यंत्र २४ अंशांवर ठेवून वरचा पंखा मंद चालवावा. २०२० पासून तारांकित एसी मुळांतच २४ अंशांवर सुरू होतात. एकेक अंश वर ठेवल्यानें सुमारें सहा टक्के वीज वांचते, असें ऊर्जा कार्यक्षमता विभागाचें सांगणें आहे. १८ वर नेलें म्हणून खोली लवकर गार होत नाहीं, ती फक्त विनाकारण थांबावयाची राहते. आणि मे महिन्यांतल्या कोरड्या दिवसांत कूलर विसरूं नये. कूलरला खिडकी उघडी लागते व एसीला बंद, म्हणून दोन्ही एका खोलींत एकदम चालवूं नयेत.

त्या विद्यार्थ्याच्या घरीं अद्याप एसी आलेला नाहीं. त्यानें मात्र शाळेच्या प्रयोगशाळेंतून दोन तापमापक मागून घेतले आहेत. एकाच्या फुग्याला ओलें फडकें बांधावयाचें, दुसरा कोरडा ठेवावयाचा, आणि रोज दुपारीं दोहोंतील अंतर वहींत टिपावयाचें. अंतर दहा अंशांहून अधिक असेल त्या दिवशीं कूलर, कमी असेल त्या दिवशीं पंखा, असा त्याचा घरचा कायदा झाला आहे. येत्या मार्चपासून आणखी कोणास हा प्रयोग करावयाचा असेल, त्यानें आम्हांस भेटावें. फडक्याला विहिरीचें खारें पाणी चालणार नाहीं, एवढें मात्र लक्षांत असावें. तेथेंही कीट चढतें व पारा खोटें बोलतो.